कालप्रवासाच्या कथा व त्यांचा बोध



‘बूँदसे गयी सो हौदसे नहीं आती’ ही म्हण थोरामोठ्यांच्या तोंडून आपण अनेकदां ऐकतों. सांडलेला अत्तराचा एक थेंब भर दरबारांत बोटानें टिपून घेण्याचा मोह झाला, आणि तो उणेपणा भरून काढण्यासाठीं पुढें अत्तराचे हौद भरविले तरी गेलेली अब्रू कांहीं परत आली नाहीं, अशी तिच्यामागची आख्यायिका आहे. गेलेला क्षण परत येत नाहीं हें लहानापासून थोरापर्यंत सर्वांस ठाऊक असतें. आणि तरीहि तो परत मिळाला असता तर किती बरें झालें असतें, असें ज्याच्या मनांत एकदांहि आलें नाहीं असा मनुष्य विरळा.

एकदां मीं वरच्या वर्गांत एक प्रश्न टाकला होता. काळांत मागें किंवा पुढें एकदांच जाऊन येण्याची मुभा मिळाली तर तुम्ही कोठें जाल, हें चिठ्ठीवर नांव न घालतां लिहावें, असें मीं सांगितलें. उत्तरें नानाविध आलीं. कित्येकांस १६७४ सालचा रायगडावरील राज्याभिषेक पाहावयाचा होता. कित्येकांस प्रचंड सरड्यांचें युग पाहण्याची हौस होती. दोघातिघांना वार्षिक परीक्षेनंतरच्या दिवशीं जाऊन प्रश्नपत्रिका घेऊन परत यावयाचें होतें. एका चिठ्ठीवर मात्र एकच ओळ होती : ‘आजोबा रुग्णालयांत होते त्या संध्याकाळीं मी खेळावयास गेलों होतों, त्या संध्याकाळीं मी जाईन.’ ती चिठ्ठी मीं वर्गांत वाचून दाखविली नाहीं. तिला काय उत्तर द्यावें हेंहि त्या वेळीं मला सुचलें नाहीं. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा एक उशिरां केलेला प्रयत्न आहे, असें समजावें.

अशाच इच्छांतून कालप्रवासाच्या कथा जन्मास आल्या. इंग्रजी भाषेंतील कुमारवाङ्मयांत व तरुण वाचकांच्या विज्ञानकथांत हा विषय शंभराहून अधिक वर्षें आवडीचा होऊन राहिला आहे. त्यांपैकीं कांहीं निवडक कथांचा परिचय करून घ्यावा, काळांत ढवळाढवळ केल्याचे परिणाम त्यांच्या कर्त्यांनीं कसे कल्पिले आहेत तें पाहावें, आणि त्यांतून आपणांस काय घेण्यासारखें आहे याचा विचार करावा, एवढाच येथें हेतु आहे.

जुन्या कथा व नवें यंत्र

काळाची गति सर्वत्र सारखी नसते, ही कल्पना आपल्याकडे मुळींच नवी नाहीं. भागवतांत ककुद्मी राजाची कथा आहे. आपली कन्या रेवती हिला योग्य वर कोण, हें विचारण्यासाठीं तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला. गायन संपल्यावर त्यानें आपला प्रश्न निवेदन केला, तेव्हां ब्रह्मदेवास हंसूं आलें. राजानें मनांत योजिलेले वर, त्यांचे पुत्र आणि पौत्र सारे केव्हांच काळाच्या उदरांत गडप झाले होते; पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं होतीं. पुढें रेवतीचा विवाह बलरामाशीं झाला. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांचा रिप व्हॅन विंकल हा १८१९ सालच्या कथेंतील गृहस्थ डोंगरांत वीस वर्षें झोंपला आणि जागा होऊन गांवांत येतो तों राज्य पालटलेलें.

या कथा मनोहर आहेत; परंतु त्यांतील मनुष्य स्वतःच्या इच्छेनें काळांत जात नाहीं. तो पुढेंच जातो, मागें जात नाहीं, आणि एकदां गेला कीं परत येत नाहीं. म्हणून त्याच्यावर कसलीहि जबाबदारी येत नाहीं. त्याची कींव मात्र येते. ज्या दिवशीं कथाकारांनीं मनुष्याच्या हातीं यंत्र दिलें आणि ‘तुझ्या इच्छेस येईल तेथें जा व परत ये’ असें म्हटलें, त्या दिवसापासून या कथांत जबाबदारीचा प्रवेश झाला. जेथें इच्छा आहे तेथें निवड आहे, आणि जेथें निवड आहे तेथें परिणामांचा झाडा द्यावाच लागतो.

हें यंत्र लोकप्रिय करण्याचा मान एच. जी. वेल्स यांचा आहे, आणि शालेय नियतकालिकाच्या वाचकांनीं त्यांची हकीकत विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८६६ सालचा. घरची स्थिति हलाखीची. कापडाच्या दुकानांत उमेदवारी करण्याची पाळी त्यांच्यावर आली. पुढें शिष्यवृत्ति मिळवून ते लंडनच्या विज्ञानविद्यालयांत गेले व तेथें प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ हक्सले यांच्या हाताखालीं शिकले. तेथील विद्यार्थ्यांचें ‘सायन्स स्कूल्स जर्नल’ नांवाचें नियतकालिक होतें. त्याच्या संस्थापकांत वेल्स होते. याच नियतकालिकांत १८८८ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं कालप्रवासाची एक कथा क्रमशः प्रसिद्ध केली व ती अपुरीच सोडली. सात वर्षांनीं त्याच बीजांतून ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी निर्माण झाली. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांतील अपुऱ्या लेखासहि केव्हां केव्हां असें भाग्य लाभतें.

१८९५ सालची ही कादंबरी मुलांसाठीं म्हणून लिहिलेली नाहीं. परंतु पिढ्यान् पिढ्या ती शाळकरी मुलांनीं वाचली आहे. तिच्यांतील प्रवासी इ. स. ८०२७०१ या सालीं जाऊन पोहोंचतो. तेथें मनुष्यजातीचे दोन वंश झालेले त्यास दिसतात. एक, जमिनीवर राहणारे सुंदर, दुबळे व निरुद्योगी एलॉय. दुसरे, भूगर्भांत यंत्रें चालविणारे व अंधारास सरावलेले मॉरलॉक. हे मॉरलॉक रात्रीं वर येऊन एलॉयांना भक्ष्य करतात. श्रीमंतांनीं श्रम टाकले आणि श्रमिकांस तळघरांत लोटलें, तर लक्षावधि वर्षांनीं काय होईल, याचें हें भयंकर चित्र आहे. वेल्स यांची आई एका मोठ्या वाड्यांत घरव्यवस्थापिका होती आणि त्या वाड्याचे नोकरचाकर तळघरांत वावरत असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हें चित्र त्यांना कोठून सुचलें असेल याचा अंदाज येतो.

या प्रवाशानें वीना नांवाच्या एका एलॉय मुलीला बुडतांना वांचविलें. तेव्हांपासून ती त्याची पाठ सोडीना. पुढें रानांत मॉरलॉकांस दूर ठेवण्यासाठीं त्यानें जाळ पेटविला आणि तो तसाच मागें सोडून तो पुढें गेला. त्या जाळाचा वणवा झाला आणि त्या रात्रीच्या धुमाळींत वीना त्याला कायमची अंतरली. परत आला तेव्हां तिनें खिशांत घातलेलीं दोन पांढरीं फुलें तेवढीं त्याच्यापाशीं उरलीं होतीं. आठ लक्ष वर्षें ओलांडून गेलेल्या मनुष्याच्या हातूनहि पेटविलेला विस्तव विझविण्यास विसरण्याची चूक होते, हें या कथेंतील फार मार्मिक स्थळ आहे. यंत्र मनुष्याला दूर नेतें; शहाणा करीत नाहीं.

भूतकाळ बदलतां येतो काय ?

भविष्यांत जाणारा प्रवासी एक प्रकारें निर्धास्त असतो. तेथें त्यानें कांहीं केलें तरी आपला आज त्यामुळें बदलत नाहीं. भूतकाळांत जाणाऱ्याची गोष्ट निराळी. फ्रेंच लेखक रने बार्जाव्हेल यांनीं १९४३ सालच्या आपल्या कादंबरींत हा पेंच मांडला. प्रवाशाच्या हातून त्याचा स्वतःचाच पूर्वज, लग्न होण्याआधीं, मारला गेला, तर तो प्रवासी जन्मलाच कसा ? आणि तो जन्मला नाहीं, तर पूर्वजाला मारलें कोणीं ? या पेंचाचीं तीन उत्तरें कथाकारांनीं दिलीं आहेत. या तीन उत्तरांवरूनच या कथांचे तीन वर्ग पडतात.

पहिलें उत्तर असें, कीं भूतकाळ मुळींच बदलत नाहीं. जें झालें तें झालें. प्रवासी गेला तरी साक्षी म्हणून जातो, किंवा त्याच्या हातून तेंच घडतें जें इतिहासांत आधींच घडलेलें असतें. श्रीमती ई. नेस्बिट यांच्या १९०६ सालच्या ‘द स्टोरी ऑफ दि अ‍ॅम्युलेट’ या पुस्तकांत सिरिल, अँथिया, रॉबर्ट व जेन हीं चार भावंडें एका प्राचीन ताइताच्या साहाय्यानें मिसर, बाबिलोन वगैरे देशांत भूतकाळीं जातात. एकदां तीं गॉल देशाच्या किनाऱ्यावर ज्युलिअस सीझरपुढें येऊन उभीं राहतात. ब्रिटनवर स्वारी करूं नये असें त्याला पटविण्याचा त्यांचा बेत असतो. परंतु आपल्या देशाचें वर्णन करतांना धाकटी जेन त्यांतील नवलाईच्या वस्तूंचा असा पाढा वाचते, कीं सीझरच्या मनांत त्या देशाविषयीं कुतूहल उत्पन्न होतें, आणि सोडून दिलेला स्वारीचा विचार तो पुनः मनावर घेतो. इ. स. पूर्वीं ५५ या वर्षीं सीझर ब्रिटनमध्यें उतरला, हें तर इतिहासप्रसिद्धच आहे. मुलें इतिहास बदलावयास गेलीं आणि त्यांच्याच हातून तो घडला ! याच पुस्तकांत हीं भावंडें भविष्यांतील लंडनलाहि जातात. तेथें त्यांना एक मुलगा भेटतो, ज्याचें नांव एका थोर सुधारकाच्या स्मरणार्थ ‘वेल्स’ असें ठेवलेलें असतें. नेस्बिट व वेल्स एकाच फेबियन मंडळाचे सभासद होते. तेव्हां हा विनोद वाचकांच्या लक्षांत आल्यावांचून राहिला नसेल.

हाच सिद्धांत अ‍ॅलिसन अटली यांनीं १९३९ सालच्या ‘अ ट्रॅव्हलर इन टाइम’ या कादंबरींत फार गंभीरपणें हाताळला आहे. पिनेलपी नांवाची मुलगी डर्बिशायरमध्यें आपल्या नातलगांच्या जुन्या शेतवाड्यांत राहावयास येते आणि एखादें दार उघडतांना एकाएकीं सोळाव्या शतकांत जाते. त्या काळीं तो वाडा बॅबिंग्टन घराण्याचा असतो. स्कॉटलंडची राणी मेरी त्या सुमारास जवळच कैदेंत असते आणि अँथनी बॅबिंग्टन तिला सोडविण्याच्या खटपटींत असतो. या खटपटीचा शेवट पिनेलपीला इतिहासाच्या पुस्तकावरून ठाऊक आहे. १५८६ सालीं बॅबिंग्टन वधस्तंभावर जाणार, आणि १५८७ सालीं राणीचा शिरच्छेद होणार. ज्यांच्या पंक्तीला ती जेवली, ज्यांचा लळा तिला लागला, त्यांच्या डोळ्यांतील आशा ती पाहते; आणि त्या आशेचें काय होणार हें एकटी तीच जाणते. तिला कांहींएक बदलतां येत नाहीं. या कथेंत यंत्र नाहीं, गणित नाहीं. पण कालप्रवासाचें सर्वांत दारुण फळ कोणतें, तें तींत आहे. ज्ञान आहे आणि सामर्थ्य नाहीं, अशी ती अवस्था होय. असें असूनहि पिनेलपी त्या लोकांना टाळीत नाहीं. ती पुनःपुन्हां त्यांच्यांत जाते. तिचें जाणें व्यर्थ होतें काय, हा प्रश्न आपण शेवटीं पुनः घेऊं.

दुसरें उत्तर असें, कीं भूतकाळ बदलतो, आणि अत्यंत क्षुल्लक कारणानें बदलतो. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची १९५२ सालची ‘अ साउंड ऑफ थंडर’ ही लघुकथा या वर्गाचा मुकुटमणि समजली जाते. तींत धनिक लोक पैसे मोजून कोट्यवधि वर्षें मागें जातात व महाकाय सरड्यांची शिकार करतात. शिकारीचे नियम मात्र कडक आहेत. जो प्राणी थोड्याच वेळांत आपोआप मरणार आहे तोच मारावयाचा, आणि जमिनीवर अधांतरीं टाकलेली धातूची पायवाट सोडून खालीं पाऊल ठेवावयाचें नाहीं. एकेल्स नांवाचा शिकारी समोर तें धूड पाहतांच भयभीत होतो आणि त्याचें पाऊल वाटेवरून घसरतें. सर्वजण परत येतात तों हवेला काहीं निराळाच वास येत आहे, पाटीवरील शब्दांचें वर्णलेखन बदललें आहे, आणि आदल्या दिवशींच्या निवडणुकींत पराभूत झालेला जुलमी वृत्तीचा उमेदवार आतां निवडून आलेला आहे. एकेल्स आपल्या बुटाचा चिखल खरवडून पाहतो. त्यांत एक मेलेलें फुलपांखरूं असतें.

हा केवळ कवीचा अतिरेक नव्हे. १९६१ सालीं एडवर्ड लॉरेंझ हे हवामानशास्त्रज्ञ गणकयंत्रावर हवामानाचें गणित करीत होते. एक आंकडा ०.५०६१२७ असा होता. त्याच्या जागीं त्यांनीं संक्षेपानें ०.५०६ एवढाच दिला. फरक दशसहस्रांशाच्या जवळपासचा. परंतु गणितांतील हवामान कांहीं काळानें मुळच्याहून सर्वस्वीं भिन्न झालें. पुढें १९७२ सालीं, ब्राझीलमधील फुलपांखराच्या पंखांच्या फडफडीनें टेक्ससमध्यें वावटळ उठेल काय, असा प्रश्न त्यांच्या व्याख्यानाच्या मथळ्यांतच विचारलेला होता. कथेंतील फुलपांखरूं आणि शास्त्रांतील फुलपांखरूं हीं दोन स्वतंत्रपणें आलेलीं दिसतात. पण दोहोंचें सांगणें एकच, कीं लहान कारणाचें कार्य लहानच असेल असा भरंवसा धरूं नये.

याच वर्गांतील, पण आशावादी अशी कादंबरी म्हणजे मॅडेलिन लेंगल यांची १९७८ सालची ‘अ स्विफ्टली टिल्टिंग प्लॅनेट’. तींत चार्ल्स वॉलेस हा पंधरा वर्षांचा मुलगा भूतकाळांतील निरनिराळ्या माणसांच्या अंतरंगांत शिरतो आणि ज्या नाजूक प्रसंगीं एखाद्या कुलाचें पाऊल वांकडें पडणार होतें तेथें तें सरळ पाडण्यास साहाय्य करतो. परिणामीं आजचें अणुयुद्ध टळतें. ब्रॅडबरींच्या कथेंत एका चुकीनें जग बिघडतें. लेंगल यांच्या कथेंत एका सद्वर्तनानें तें सावरतें. नियम एकच आहे. दोघांनीं त्याच्या दोन बाजू दाखविल्या आहेत.

तिसरें उत्तर असें, कीं भूतकाळांत वेगळें कांहीं घडलें तर आपलें जग बदलत नाहीं. त्या ठिकाणाहून दुसरें एक जग फुटून निघतें, जसे झाडाच्या एका खोडास दोन फांटे फुटावे. या प्रकारचें उत्तम उदाहरण शोधण्यास आपणांस मराठीबाहेर जावें लागत नाहीं. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा प्रसिद्ध आहे, आणि ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नांवानें तिचें इंग्रजी रूप अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतहि समाविष्ट झालेलें आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी सैन्याचा धीर सुटला, हें आपण शिकलों. कथेंतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगांत जाऊन पडतात, कीं जेथें ती गोळी विश्वासरावांस चाटून गेली, मराठे विजयी झाले आणि हिंदुस्थानचा पुढील इतिहास सगळाच पालटला. तेथील बखरीचें एक फाटकें पान त्यांच्या खिशांत राहतें. आणि आपल्या जगांत परत आल्यावर तेवढाच एक पुरावा त्यांच्यापाशीं असतो.

वीनाचीं फुलें आणि पंतांचें हें पान यांचें नातें चतुर वाचकाच्या ध्यानांत आलेंच असेल. फिलिपा पिअर्स यांच्या १९५८ सालच्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ या पुस्तकांतहि टॉमच्या सांगण्यावरून हॅटी आपले बर्फावर घसरण्याचे जोडे फळीखालीं ठेवून देते, आणि टॉमला ते आपल्या काळांत, जुने झालेले, तेथेंच सांपडतात. प्रवासी काय पाहून आला हें जगाला पटविण्यासाठींच ही खूण नसते. आपण पाहिलें तें स्वप्न नव्हतें, हें स्वतः त्यालाहि पटावें म्हणून ती असते.

एक अलीकडचें पुस्तक

या तिन्ही वर्गांचा विचार करून लिहिलेलें, आणि मुलांनीं अवश्य वाचावें असें एक अलीकडचें पुस्तक म्हणजे रिबेका स्टेड यांचें ‘व्हेन यू रीच मी’ (२००९). अमेरिकेंत बालवाङ्मयास दिलें जाणारें न्यूबेरी पदक त्याला २०१० सालीं मिळालें. न्यूयॉर्कमध्यें १९७९ सालीं घडणारी ही कथा मिरांडा नांवाच्या मुलीची आहे. लेंगल यांचें ‘अ रिंकल इन टाइम’ (१९६२) हें तिचें आवडतें पुस्तक. मार्कस नांवाचा एक बुद्धिमान मुलगा त्या पुस्तकांतली एक विसंगति तिला दाखवितो : त्यांतील मुलें निघण्यापूर्वीं पांच मिनिटें आधीं परत येतात, तर निघतांना त्यांना आपण स्वतः परत येतांना कां दिसलों नाहीं ? मिरांडाला त्याचा रागच येतो.

इकडे तिला कोणा अज्ञाताच्या चिठ्ठ्या येऊं लागतात. पुढें काय घडणार हें लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक वेडसर म्हातारा नेहमीं हंसत उभा असतो. मुलें त्याला भितात. एके दिवशीं मार्कसला पाहून मिरांडाचा मित्र सॅल घाबरून पळत सुटतो. कारण पूर्वीं एकदां मार्कसनें त्याला मारलेलें असतें. मार्कसला त्याच्याशीं केवळ बोलावयाचें असतें. सॅल भरधांव येणाऱ्या मालमोटारीपुढें येतो, आणि तोच म्हातारा झेप घेऊन त्याला बाजूला लोटतो व स्वतः प्राणास मुकतो. तो म्हातारा म्हणजे दुसरा कोणी नसून, अनेक वर्षांनंतरच्या काळांतून परत आलेला मार्कसच होता, हें मिरांडाला पुढें उमगतें.

या कथेंत भूतकाळ बदलला काय ? नाहीं, सॅल त्या दिवशीं वांचला, आणि म्हाताऱ्यानेंच त्याला वांचविलें होतें. नेस्बिटच्या सीझरप्रमाणें येथेंहि वर्तुळ पुरें होतें. परंतु वर्तुळ पुरें करण्यासाठीं एका मनुष्यानें आपलें सारें आयुष्य वेंचलें. लहानपणींच्या एका ठोशाची भरपाई त्यानें प्राण देऊन केली. कोडें म्हणून ही कथा चांगली आहेच. पण वाचल्यावर मनांत राहतो तो हिशेबाचा हा भाग.

शास्त्र काय म्हणतें ?

या कथा वाचतांना, यांत खरें किती, असा प्रश्न जिज्ञासूस पडावयाचाच. पुढें जाण्याविषयींचें उत्तर नवलाचें आहे. पण निश्चित आहे. आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं मांडलेल्या सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणें वेगानें जाणाऱ्या घड्याळाची चाल मंदावते. १९७१ सालीं हेफेले व कीटिंग या दोन शास्त्रज्ञांनीं अचूक अणुघड्याळें विमानांतून पृथ्वीभोंवतीं फिरवून आणलीं. पूर्वेकडे गेलेलीं घड्याळें जमिनीवरच्या घड्याळांपेक्षां सुमारें ५९ नॅनोसेकंद मागें पडलीं, व पश्चिमेकडे गेलेलीं सुमारें २७३ नॅनोसेकंद पुढें गेलीं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शतकोटी भाग. आपल्या खिशांतील दूरध्वनीला दिशा व ठिकाण सांगणाऱ्या उपग्रहांचीं घड्याळें, वेग व गुरुत्वाकर्षण या दोहोंच्या परिणामानें, दररोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. ती चूक हिशेबांत धरली नाहीं, तर दिवसाकांठीं सुमारें दहा किलोमीटरचा घोटाळा होईल. ककुद्मी राजाच्या कथेंतील मूळ कल्पना अशा रीतीनें, अत्यंत सूक्ष्म प्रमाणांत कां होईना, रोज आपल्या अनुभवास येत आहे.

मागें जाण्याची गोष्ट मात्र निराळी. कुर्ट गोडेल यांनीं १९४९ सालीं आइन्स्टाइनच्या समीकरणांचें असें एक उत्तर काढून दाखविलें, कीं सबंध विश्व स्वतःभोंवतीं फिरत असेल तर त्यांत भूतकाळाकडे परतणारे मार्ग संभवतात. परंतु आपलें विश्व तसें फिरत असल्याचें दिसत नाहीं. स्टीफन हॉकिंग यांनीं १९९२ सालीं असें अनुमान मांडलें, कीं निसर्गाचे नियमच असा प्रवास घडूं देत नसावेत. हॉकिंग मोठे विनोदी. २८ जून २००९ रोजीं त्यांनीं केंब्रिज येथें कालप्रवाशांसाठीं मेजवानी ठेविली आणि आमंत्रणें मेजवानी उरकल्यानंतर प्रसिद्ध केलीं, म्हणजे भविष्यांतून मागें येऊं शकणाराच तेवढा हजर राहील. कोणीहि आलें नाहीं.

या कथा कशा वाचाव्या ?

अशा कथेचें परीक्षण करतांना विद्यार्थ्यानें तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, कथाकारानें काळाविषयीं कोणता नियम घालून दिला आहे. वर सांगितलेल्या तीन उत्तरांपैकीं त्याचें कोणतें. दुसरी, तो नियम तो शेवटपर्यंत पाळतो काय. आरंभीं भूतकाळ अचल आहे म्हणावयाचें, आणि नायक अडचणींत आला कीं तो खुशाल बदलून टाकावयाचा, ही लेखकाची लबाडी होय. मार्कसनें मिरांडाला विचारलेला प्रश्न याच जातीचा होता. आवडत्या पुस्तकालाहि असा प्रश्न विचारण्याचें धैर्य वाचकास हवें. तिसरी गोष्ट, परिणामांची किंमत कोणी मोजली. ज्या कथेंत प्रवासी काळाची उलथापालथ करतो आणि त्याची झळ कोणालाच लागत नाहीं, ती कथा मनोरंजक असली तरी पोरकट होय. वेल्सच्या प्रवाशानें वीना गमावली, एकेल्सनें आपलें जग गमावलें, मार्कसनें प्राण वेंचले. म्हणूनच या कथा स्मरणांत राहिल्या.

आतां आरंभीं सांगितलेल्या चिठ्ठीकडे वळूं. त्या मुलाला मीं काय सांगावें ? मागें जाण्याचें यंत्र निघेल, अशी खोटी आशा मी दाखविणार नाहीं. जी संध्याकाळ गेली ती गेली. परंतु या कथांनीं मला दोन गोष्टी शिकविल्या आहेत, त्या मी त्याच्यापुढें ठेवतों.

एक अशी. पिनेलपीला कांहींच बदलतां आलें नाहीं. तरी तिचें जाणें व्यर्थ नव्हतें. ज्यांचा शेवट तिला ठाऊक होता त्यांच्यावर तिनें माया केली, त्यांना विसरली नाहीं, आणि परत आल्यावर तीं माणसें तिच्यासाठीं इतिहासाच्या पुस्तकांतील नुसतीं नांवें उरलीं नाहींत. आठवण ठेवणें हाहि मागें जाण्याचा एक मार्ग आहे, आणि तो सर्वांना मोकळा आहे. त्या मुलाला ती संध्याकाळ इतकीं वर्षें सलते, याचाच अर्थ आजोबांवर त्याचा जीव होता. खेळावयास गेलेल्या मुलाचा आजोबांना राग आला असेल, असें मला तरी वाटत नाहीं. नातवंडें खेळतात यांत आजोबांना आनंदच असतो.

दुसरी अशी. भूतकाळांत जाऊन एक फुलपांखरूं चिरडलें तर सारें जग पालटेल, हें आपण चटकन् मान्य करतों. मग आज, या घटकेस, आपल्या पावलाखालीं काय येत आहे, याचा विचार आपण कां करीत नाहीं ? आजचा दिवस हा उद्यांच्या लोकांचा भूतकाळ आहे. पन्नास वर्षांनंतर कोणी यंत्रांत बसून, एखादी लहानशी चूक दुरुस्त करण्याच्या तळमळीनें, नेमका याच दिवशीं येऊं इच्छील. त्याला येतां येणार नाहीं, आणि आपण तर येथेंच बसलों आहोंत. त्याला जें करतां येणार नाहीं तें करण्याचा अधिकार आज आपल्या हातीं आहे. सहाध्यायाला मारलेल्या ठोशाबद्दल त्याची क्षमा मागावयास मार्कसप्रमाणें म्हातारपणापर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. मधल्या सुटींत मागितली तरी पुरे.

म्हणून त्या अनामिक विद्यार्थ्याला, आणि हें वाचणाऱ्या तुम्हां सर्वांना, माझें एवढेंच सांगणें आहे. घरीं आजी असेल, कोणी वृद्ध किंवा आजारी असेल, तर आज संध्याकाळीं खेळून झाल्यावर घटकाभर त्यांच्याजवळ जाऊन बसा. आजची संध्याकाळ हीहि पुढें केव्हां तरी ‘ती संध्याकाळ’ होणार आहे; आणि तिच्यांत जाण्यासाठीं आज कोणत्याहि यंत्राची गरज नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ककुद्मी राजा व वेल्स यांचा प्रवासी यांच्या प्रवासांत कोणता मुख्य भेद आहे ? जबाबदारीच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व सांगा.

२. भूतकाळ बदलण्याविषयींचीं तीन मतें सांगून प्रत्येकाचें एक उदाहरण द्या.

३. तुम्हीं वाचलेल्या किंवा पाहिलेल्या एखाद्या कालप्रवासाच्या कथेंत काळाचा कोणता नियम घालून दिला आहे ? तो शेवटपर्यंत पाळला गेला आहे काय ?

४. आज केलेल्या कोणत्या लहान गोष्टीचा परिणाम पुष्कळ वर्षांनीं दिसून येईल, असें तुम्हांस वाटतें ? स्वतःच्या अनुभवावरून दहा ओळी लिहा.